वैजूला काही येत नाही

तात्या कडलगांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, पंखा बंद केला आणि म्हणाले, "वैजू, उद्याचा दिवस तुला काही येत नाही."

"काय येत नाही?"

"काहीच. चीज म्हणजे काय ते माहीत आहे, एवढं चालेल. दूध तापवता येतं, साहेबाला चहा देता येतो. त्यापुढे अंधार."

"तात्या, मी डेअरी टेक्नॉलॉजीची पदवी घेतलीय."

"ती कोणी काढून घेत नाही. एक दिवस झाकून ठेव म्हणतोय फक्त."

मग त्यांनी पंखा पुन्हा लावला. म्हणजे गुप्त भाग संपला होता.

संगमनेरहून अकोले गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तात्यांची डेअरी होती. पंचक्रोशीतले सगळे दुधाची भुकटी नाहीतर श्रीखंड करायचे. तात्यांना मात्र एका परदेश दौऱ्यात इटलीचं टणक चीज चाखायला मिळालं आणि तिथून ते वेगळेच होऊन परत आले. वर्षभर पिकवायचं, मग विकायचं, तेही मुंबईच्या बड्या हॉटेलांना. ते करणारा माणूस इथे कुठे मिळणार? म्हणून त्यांनी थेट तिकडच्या डोंगरातून एक साठीला टेकलेला कारागीर आणला.

त्याचं नाव एत्तोरे. पहिल्या दिवशी तो गेटवर उतरला तेव्हा वॉचमन रभाजीने त्याला नाव विचारलं. नंतर रभाजी आम्हाला सांगत होता, "नाव विचारलं तर 'येतो रे' म्हणाला. मी म्हटलं, ये की बाबा, गेट उघडंच आहे." तेव्हापासून सगळी डेअरी त्याला येतोरेसाहेब म्हणायला लागली.

मराठी तो आमच्यातच राहून शिकला, त्यामुळे ती जशी कानावर पडली तशीच त्याच्या तोंडात बसली. काकू तात्यांना 'अहो' म्हणून हाक मारायच्या. तात्यांचं नाव 'अहो' आहे अशी त्याची समजूत झाली. भर मीटिंगमध्ये, बँकेच्या मॅनेजरसमोर, तो दारातून डोकं घालून म्हणायचा, "अहो, दूध आंबट." तात्या लाजून लाल व्हायचे, पण त्याला दुरुस्त करणं सगळ्यांच्याच जिवावर यायचं.

मी त्याच्या हाताखाली लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. चीजच्या त्या गोल, जाड चाकाला आमच्याकडे सगळे 'तळी' म्हणायचे, जात्याच्या तळीसारखी दिसते म्हणून. आणि तळ्या पिकायला ठेवायच्या त्या गार, अंधाऱ्या खोलीचं नाव पडलं 'आढी'. आंब्याची असते तशी. आढीत लाकडी फळ्यांवर ओळीने तळ्या मांडलेल्या असायच्या. एत्तोरे हातात छोटी हातोडी घेऊन प्रत्येक तळीवर टकटक करायचा आणि कान लावून ऐकायचा. आत सगळं एकजीव असेल तर आवाज भरीव यायचा, एकसारखा. आत चीर गेली असेल, पोकळी धरली असेल, तर तळी चिरलेल्या मडक्यासारखी बद्द वाजायची. बद्द वाजली की तो खडूने तिच्यावर फुली मारायचा. ती तळी हॉटेलला जायची नाही, किसून पिझ्झावाल्यांना विकली जायची.

पहिलं वर्षभर मला सगळ्या तळ्या सारख्याच वाजायच्या. मी तसं म्हटलं की तो हसायचा. "तू ऐकत नाही. तू वाट बघते ऐकू यायची." मग एका सकाळी, का कोण जाणे, एक तळी मला वेगळी वाजली. मी काही बोलायच्या आत त्याने तिच्यावर फुली मारली होती. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डब्याची झाकणं, खिडकीचे गज, रभाजीचं हेल्मेट, सगळं वाजवून पाहिलं.

आता तात्यांनी पंखा का बंद केला ते सांगते. परदेशी माणूस कामावर ठेवायचा तर मालकाला दरवर्षी सरकारला लिहून द्यावं लागायचं की हे कसब जाणणारा माणूस आपल्याकडे मिळत नाही. नुसता कुशल असून भागत नाही. त्याच्या जोडीचा दुसरा इथे नाही, असं दाखवावं लागतं. तात्यांनी तीनदा तसं लिहून दिलं आणि तीनदा परवाना वाढवून मिळाला. तेव्हा ते खरंही होतं.

चौथ्या वर्षी महिला दिनाला तात्यांना कॉलेजात पाहुणे म्हणून बोलावलं. समोर एवढ्या मुली बघून त्यांना भरून आलं आणि ते बोलून गेले, "आमची वैजू गुंजाळ त्या इटालियन माणसाच्या खांद्याला खांदा नाही, कानाला कान लावून काम करते. आज ती त्याच्या तोडीस तोड आहे." दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात ते छापून आलं, माझ्या फोटोसकट. तात्यांनी त्याचे पन्नास अंक विकत घेतले आणि वाटले. त्यातला एक फिरत फिरत परवान्याच्या कार्यालयात पोचला. तिथून निरोप आला की एक अधिकारी स्वतः पाहायला येत आहेत.

"मी भाषणात बोललो ते प्रेमाने बोललो," तात्या मला म्हणाले. "प्रेमाने बोललेलं सरकारने मनावर घ्यायचं नसतं. येतोरे गेला तर हॉटेलवाले आपल्याला उभं करतील का? पाकिटावर त्याचा फोटो आहे. तुझा लावू?"

त्यांनी ते सहज विचारलं होतं. पण तो प्रश्न मी घरी घेऊन गेले.

आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात काय एवढं? मागच्या महिन्यात पाहुणे बघायला आले तेव्हा भरतकाम येतं म्हणून सांगितलंस की. न येणारं येतं म्हणायला जीभ वळली, तर येणारं येत नाही म्हणायला काय होतंय?"

"ते वेगळं होतं."

"वेगळं कसलं? तेव्हा लग्नासाठी, आता नोकरीसाठी."

तिला मी सांगितलं नाही, आणि डेअरीतही कोणाला सांगितलं नव्हतं, अशी आणखी एक गोष्ट होती. होळीपासून एत्तोरे चुकायला लागला होता. बद्द वाजलेली तळी तो सरळ 'चांगली' म्हणून पुढे जायचा. पहिल्यांदा मला वाटलं, माझंच चुकलं. त्याची पाठ वळल्यावर मी पुन्हा वाजवून पाहिली. बद्दच होती. मी गुपचूप खडूने फुली मारली आणि तळी बाजूला काढली. काही दिवसांनी पुन्हा तसंच झालं, मग पुन्हा. त्याचा कान जातोय, असं मी मनाशी धरलं. ज्याने मला ऐकायला शिकवलं त्याला 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून तो पुढे आणि मी मागे, असं चाललं होतं. त्याचा परवाना वाढावा असं मलाही मनापासून वाटत होतं. तेव्हा येत नाही म्हणायचं तर म्हणू, असं ठरवून मी झोपले.

अधिकारी आले त्यांचं नाव नाखरे. बारीक, शांत, पांढऱ्या बुशशर्टातले. तात्यांनी त्यांच्यासाठी काचेच्या बशीत चीजचे तुकडे, द्राक्षं, बदाम असं मांडून ठेवलं होतं.

"मी चीज खात नाही," नाखरेसाहेब म्हणाले. "वासच सहन होत नाही. म्हणजे माझ्याकडून पक्षपाताची भीती नको."

त्यांनी आढी पाहायला मागितली. खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि आत आले. पुढे एत्तोरे, त्याच्यामागे साहेब, मग तात्या, शेवटी मी. एत्तोरेने त्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा कोट घातला होता. तो एकेक तळी वाजवत चालला. "चांगली. चांगली. ही लहान मुलगी, अजून पिकायची. चांगली."

साहेब मागे वळून मला म्हणाले, "पेपरात तुमचाच फोटो होता ना?"

"हो."

"तुम्हाला हे येतं?"

तात्यांनी घसा खाकरला. मी म्हटलं, "नाही साहेब."

"काहीच नाही?"

"दूध तापवता येतं."

"तिला चहासुद्धा छान येतो," तात्यांनी मदत केली.

साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं. एत्तोरे पुढच्या तळीपाशी गेला. ती त्या लॉटमधली सगळ्यात देखणी होती, सोनेरी, गुळगुळीत. त्याने वाजवली.

बद्द.

"चांगली," एत्तोरे म्हणाला. "फार चांगली. ही मुंबईला जाईल. आजच."

मी फरशीकडे पाहिलं. मनात म्हटलं, साहेब गेले की काढू बाजूला. पण एत्तोरे पुढे सरकेना. त्याने पुन्हा त्याच जागी हातोडी मारली. पुन्हा बद्द. "अहो," तो तात्यांना म्हणाला, "ही हॉटेलच्या शेफला. त्याला सांग, एत्तोरेची सगळ्यात चांगली."

"अगदी," तात्या म्हणाले. "आजच गाडी पाठवतो. साहेब, बघा, हा कान. हा कान आख्ख्या भारतात नाही."

एत्तोरेने तिसऱ्यांदा वाजवली, आणि या वेळी तळीकडे न बघता माझ्याकडे बघत. मला वाटलं तो घाबरलाय. साहेबासमोर त्याला आपलं आपल्याला समजेनासं झालंय आणि तो माझ्याकडे आधार मागतोय. आणि मला दिसायला लागलं ते हॉटेल, तो शेफ, तळी फोडल्यावरचं त्याचं तोंड. त्याने फोन करून तात्यांना काय सांगितलं असतं तेही ऐकू आलं.

"बद्द आहे," मी म्हटलं.

"काय?" साहेबांनी रुमाल नाकावरून खाली घेतला.

"काही नाही," तात्या म्हणाले. "तिला सर्दी झालीय."

"तळी बद्द वाजतेय साहेब. आत चीर आहे. डाव्या अंगाला, मधल्या भागात. मुंबईला पाठवू नका."

साहेबांनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी छताकडे. एत्तोरे शांतपणे कोपऱ्यात गेला आणि तळी फोडायच्या दोन आखूड सुऱ्या घेऊन आला. एक इकडून, एक तिकडून रोवली आणि पिळली. तळी कर्रकन उकलली. डाव्या अंगाला, मधोमध, बोट जाईल एवढी चीर होती आणि तिच्यात हिरवट बुरशी. साहेबांनी घाईने रुमाल पुन्हा नाकाला लावला.

"तुम्हाला येत नाही ना?" ते रुमालातून म्हणाले.

"नाही साहेब."

"मग हे कसं कळलं?"

"बाजारात कलिंगड घेताना वाजवून घ्यायची सवय आहे."

"अस्सं. मग या फळीवर आणखी कुठलं कलिंगड नासलंय ते सांगा."

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आता खरं सांगायचं तर मी तिथे थांबू शकले असते. एखादी चांगली तळी वाईट म्हणून दाखवली असती तर सगळं निभावलं असतं. पण एत्तोरेने त्याची हातोडी माझ्या हातात दिली, आणि हातात हातोडी आल्यावर माझ्याने चुकीचं वाजवून चुकीचं सांगणं होईना. त्याने चांगल्या म्हटलेल्या तळ्यांमधून मी आणखी दोन काढल्या. पहिली फोडली, तिच्यात पोकळी निघाली. दुसरीच्या वेळी एत्तोरे म्हणाला, "थांब." त्याने माझ्याकडून हातोडी घेतली, स्वतः मारली, वाकून कान अगदी तळीला टेकवला. पुन्हा मारली. मग सुऱ्या माझ्याकडे दिल्या. तीही चिरलेली निघाली.

तात्या दुधाच्या क्रेटवर बसले.

केबिनमध्ये परत आल्यावर त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "साहेब, मुलीची जात. उद्या लग्न होऊन जाईल निघून. मग मी कुठे जाऊ?"

"मग परवाना तिच्या लग्नाच्या दिवशी मागा," नाखरेसाहेब म्हणाले. "कडलगसाहेब, कसब इथे मिळत नाही असं तुम्ही लिहून देणार, आणि मी त्याखाली सही करणार. अहो, कसब माझ्यासमोर उभं राहून मला कलिंगडं शिकवतंय." त्यांनी बशीतले दोन बदाम तेवढे उचलले. "सध्याची मुदत दिवाळीपर्यंत आहे. तोवर ते राहतील. त्यापुढे मी शिफारस करू शकत नाही. आणि अभिनंदन. तुमचं भाषण खरं होतं."

त्यानंतर महिनाभर तात्या माझ्याशी बोलले नाहीत. काही सांगायचं झालं तर रभाजीला सांगायचे, मी समोर उभी असले तरी. "रभाजी, तिला म्हणावं मीठ संपलंय." रभाजी माझ्याकडे वळून म्हणायचा, "ताई, मीठ." मीही रभाजीकडूनच उत्तर पाठवायची. मग एक दिवस हॉटेलचा शेफ स्वतः आढी पाहायला आला. एत्तोरे मुद्दाम बाजारात निघून गेला होता. तात्यांचा नाइलाज झाला. शेफने चार तळ्या माझ्याकडून वाजवून घेतल्या, चारही फोडायला लावल्या आणि पुढच्या वर्षाचा माल पक्का करून गेला. त्याने पाकिटावरच्या फोटोचं नावही काढलं नाही. तो गेल्यावर तात्या थोडा वेळ गेटपाशीच उभे राहिले. "वैजू," ते थेट मला म्हणाले, "त्या दिवशी तुला खरंच सर्दी झाली असती तर बरं झालं असतं." पण म्हणताना हसत होते.

एत्तोरे दिवाळीनंतर निघाला. सकाळी त्याने सगळ्या डेअरीचा निरोप घेतला. काकूंनी चकल्यांचा डबा दिला. तात्या त्याला मुंबईला सोडायला स्वतः निघाले होते. जीपमध्ये ते आधीच जाऊन बसले, कारण त्यांना डोळे पुसायचे होते. एत्तोरेने मला आढीत बोलावलं.

मला वाटलं तो आता हातोडी माझ्या हातात ठेवेल. त्याने ती कोटाच्या खिशात टाकली. "ही माझी. तू संगमनेरच्या लोहाराकडून करून घे. तुझ्या हाताची."

"घेईन."

"तुला माहीत आहे, मी का चुकलो त्या दिवशी?"

मी फळीवरची एक तळी उगाच सरळ केली.

"मला घरी जायचं होतं," तो म्हणाला. "दोन वर्षांपासून. मुलीला जुळे झाले, मला फक्त फोनवर दिसतात. पण अहोला कसं सांगू? मी जातो म्हटलं तर अहो रडणार. सरकार म्हणालं तर अहो चिडणार. चिडलेला बरा. पण तू तयार नव्हती. ऐकायला येत होतं तुला, बोलायला येत नव्हतं. म्हणून मी होळीपासून मुद्दाम चुकलो. वाईट तळीला चांगली म्हणायचो. वाट बघायचो, ही आता म्हणेल, एत्तोरे, तू गाढव आहे. तू काय केलं? मागून येऊन फुली मारली. प्रत्येक वेळी. मी दारातून बघत होतो. मला इतका राग यायचा."

मला हसूही आलं आणि रडूही. इतके महिने मी त्याला सांभाळत होते, आणि तो माझी परीक्षा घेत होता.

"तुम्ही मोठे आहात. तुम्हाला कसं म्हणायचं?"

"तोंडाने." त्याने फळीवरून हात फिरवला. "त्या दिवशी मनात म्हटलं, आता सरकारच समोर उभं आहे, आता तरी बोलेल. तरी तीनदा वाजवावी लागली. एवढी हट्टी मुलगी." मग त्याने बोटं वर केली आणि मोजून दाखवली. "चार वेळा मुद्दाम चुकलो. होळीपासून त्या दिवसापर्यंत, चार. चारही तू पकडल्या?"

मी त्याच्याकडे पाहिलं. होळीपासून त्या दिवसापर्यंत मी अकरा तळ्या काढल्या होत्या.

तो मान जराशी उजवीकडे वळवून, उजवा कान माझ्याकडे करून उत्तराची वाट पाहत होता. अलीकडे तो सगळ्यांचंच बोलणं तसं ऐकायचा. बाहेर तात्या जीपचा हॉर्न वाजवत होते, पण ते त्याच्या गावीही नव्हतं.

"चार," मी म्हटलं.

"काय?"

मी थोडं जवळ गेले आणि मोठ्याने म्हटलं, "चारच होत्या. चारही पकडल्या."